ऐश म्हणजे भाकरी : इजिप्तची तिजोरी नेमकी कशानं रिकामी झाली?

एक मजकूर बरेच दिवस या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. सार असं : "धान्य बाहेरून आणायचं आणि जनतेला फुकटात वाटायचं, याच नादात श्रीलंका बुडाली आणि इजिप्त बुडतो आहे. सबसिडीची भाकरी देशाची तिजोरी खाते. ती बंद करा, तोच पैसा शेतीत घाला, चार वर्षांत देश स्वयंपूर्ण होतो." शेवटी भारताला इशारा असतोच. भारत गहू-तांदळासाठी बाहेरच्यांवर अवलंबून नाही, तेव्हा तो इशारा इथे सोडून देऊ. बाकीची विधानं एकेक करून तपासू.

"भाकरी तिजोरी खाते."

मराठीत ऐश म्हणजे चैन. कैरोत 'ऐश' म्हणजे रोजची भाकरी. शब्द एकाच अरबी मुळातून आलेला, पण मजकूर लिहिणाऱ्याला बहुधा मराठी अर्थच डोळ्यांसमोर दिसत असावा.

सरकारी भावाची ही 'बलदी' भाकरी सुमारे 7 कोटी लोकांना मिळते, माणशी दिवसाला पाच. 1989 पासून तिचा भाव 5 पियास्टर होता (100 पियास्टर म्हणजे एक इजिप्शियन पौंड). 1 जून 2024 पासून तो 20 पियास्टर झाला. एका भाकरीला खर्च सव्वा पौंडाच्या आसपास येतो, असं सरकारनं तेव्हा सांगितलं होतं. म्हणजे तोटा आहे, आणि तो मोठा आहे. त्यात वाद नाही.

प्रश्न आहे तो तिजोरीतल्या वाट्याचा. इजिप्तचं आर्थिक वर्ष जुलै ते जून. 2021-22 च्या अंदाजपत्रकात एकूण खर्च होता सुमारे 1.84 लाख कोटी पौंड. त्यात अन्नधान्याची सबसिडी 8,720 कोटी, म्हणजे पावणेपाच टक्के, आणि कर्जावरचं व्याज जवळजवळ 58,000 कोटी, म्हणजे साडेएकतीस टक्के. तीनच वर्षांनी, 2024-25 मध्ये, एकूण खर्च 3.87 लाख कोटी झाला. अन्नाची सबसिडी 13,420 कोटी, म्हणजे साडेतीन टक्के. व्याज 1.83 लाख कोटी, म्हणजे सत्तेचाळीस टक्के. इंधनाची सबसिडीसुद्धा (15,450 कोटी) भाकरीच्या पुढे निघून गेली होती.

भाव चौपट केल्यावर वाचलं किती? वर्षाला साधारण 10,000 कोटी भाकऱ्या विकल्या जातात असं धरलं, तर भाकरीमागे 15 पियास्टर या दरानं 1,500 कोटी पौंड. त्या वर्षीच्या व्याजाच्या तुलनेत हे एक टक्काही भरत नाही. व्याजाचा तीन दिवसांचा हप्ता म्हणा.

"सबसिडी वर्षागणिक फुगतच चालली आहे."

पौंडात मोजली तर हो. 8,720 वरून 13,420 कोटी, म्हणजे दीडपटीहून थोडी जास्त. पण याच काळात पौंडाचं काय झालं ते मजकुरात नाही. मार्च 2022 पर्यंत डॉलरला सुमारे 15.70 पौंड पडत. त्या महिन्यात पहिला झटका बसला, ऑक्टोबर 2022 आणि जानेवारी 2023 मध्ये पुढचे दोन, आणि 6 मार्च 2024 रोजी दर एका दिवसात 30-31 वरून 50 च्या घरात गेला. डॉलरमध्ये धरलं तर अन्नाची सबसिडी साडेपाच अब्जांवरून तीन अब्जांच्याही खाली आली. (सगळीच सबसिडी डॉलरमध्ये जात नाही. भट्टीचं इंधन, मजुरी आणि देशी गहू पौंडातच असतो. म्हणून हा आकडा दिशा दाखवण्यापुरता घ्यायचा.)

कपात प्रत्यक्ष कशी झाली, हेही पाहण्यासारखं आहे. भावाला हात लावणं अवघड, कारण जानेवारी 1977 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष सादात यांनी भाव वाढवले तेव्हा दोन दिवस दंगली उसळल्या आणि निर्णय मागे घ्यावा लागला. मग वजनाला हात लागला. ऑगस्ट 2020 मध्ये भाकरी 110 ग्रॅमवरून 90 ग्रॅमवर आली. पाच भाकऱ्यांमागे माणशी रोज 100 ग्रॅम गेले, भाव मात्र तोच. शिवाय तेल, साखर, तांदूळ घ्यायला रेशनकार्डावर रक्कम मिळते : पहिल्या चार माणसांना महिना 50 पौंड, पुढच्यांना 25. ही रक्कम 2017 मध्ये ठरली आणि महागाई 2023 मध्ये 38 टक्क्यांवर पोचली तरी हलली नाही. कार्ड तेच आहे, पिशवी मात्र हलकी होत गेली. अंदाजपत्रकाच्या ओळीत ही कपात दिसतच नाही.

"गव्हाचा भाव उतरला की खर्च आपोआप उतरतो, नाही उतरला म्हणजे भ्रष्टाचार."

चोरी होती. 2014 च्या आधी सरकार भट्टीवाल्याला स्वस्त पीठ द्यायचं, आणि पोत्यामागची पोती काळ्या बाजारात जायची. 2014 पासून कार्ड घासून जितक्या भाकऱ्या विकल्या तितक्यांचीच भरपाई भट्टीवाल्याला मिळू लागली, आणि गळतीचं मोठं भोक बुजलं. पण खर्च न उतरण्याचं कारण दुसरीकडे आहे.

टनाला 300 डॉलर हा भाव उदाहरणादाखल धरा. 15.70 च्या दरानं तो टन 4,710 पौंडांना पडतो, 50 च्या दरानं 15,000 ला. जागतिक भाव 300 वरून 220 वर आला तरी नव्या दरानं टन 11,000 पौंडांना. म्हणजे बाजार उतरला, बिल मात्र दुपटीच्या वर राहिलं. प्रत्यक्षातही असंच झालं. 2021-22 चं अंदाजपत्रक टनाला 255 डॉलर धरून बांधलेलं होतं. वर्षाच्या मधोमध, फेब्रुवारी 2022 मध्ये, युक्रेनचं युद्ध सुरू झालं, आणि इजिप्तचा आयात गहू तर 80 टक्क्यांच्या आसपास रशिया-युक्रेनमधूनच यायचा. युद्धानं भाव भडकले. पुढे 2024 पर्यंत जागतिक भाव 2022 च्या शिखराच्या निम्म्याहून खाली आले, पण तोवर पौंडही एक तृतीयांश उरला होता.

आणि यातच व्याजाचं उत्तर आहे. पौंडाचा दर बाजारावर सोडला आणि तो घसरला की महागाई भडकते, म्हणून मध्यवर्ती बँक दर चढवते. 6 मार्च 2024 रोजी एका बैठकीत 6 टक्क्यांची वाढ करून ठेवीचा दर 27.25 टक्के केला गेला. सरकारचं देशांतर्गत कर्ज बरंचसं अल्पमुदतीच्या हुंड्यांचं (ट्रेझरी बिलं), काही महिन्यांनी फेडून नव्यानं काढावं लागणारं. प्रत्येक फेरीत जुन्या दराची हुंडी जाते आणि नव्या दराची येते. चलन घसरलं की गव्हाचं बिल एकदा वाढतं, व्याजाचं बिल मात्र हुंडी फिरेल तसतसं वाढत राहतं. आयातदार देशांच्या खर्चाचा कल पाहायचा तर या दोन ओळी शेजारी ठेवूनच पाहाव्या लागतात.

डॉलरच हाताशी नसले की आणखी एक गोष्ट होते. सरकारी खरेदी 180 दिवसांनी पैसे देण्याच्या बोलीवर सुरू होते. विक्रेता ते व्याज टनाच्या भावातच चढवतो, आणि कागदावर मात्र ते 'अन्न सबसिडी' म्हणून नोंदलं जातं.

"श्रीलंका फुकट धान्यानं बुडाली."

श्रीलंकेचं सर्वांसाठीचं तांदळाचं रेशन 1978-79 मध्येच संपलं. त्याची जागा गरिबांपुरत्या अन्न-कुपनांनी घेतली. 2022 मधल्या दिवाळखोरीशी त्याचा संबंध जोडणं म्हणजे आजोबांच्या उधारीवर नातवाला पकडणं. डिसेंबर 2019 मध्ये तिथे व्हॅट 15 वरून 8 टक्क्यांवर आणला गेला आणि इतरही कर कापले. 2021 मध्ये सरकारी महसूल जीडीपीच्या साडेआठ टक्क्यांच्याही खाली होता, आणि त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त व्याजातच गेला. त्यात मे 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली. नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठवली, पण भाताचा हंगाम गेला तो गेलाच, आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. 12 एप्रिल 2022 रोजी परकीय कर्जफेड थांबवल्याचं जाहीर झालं.

"आणि लागलंच तर शेजाऱ्याकडून स्वस्तात घ्यायचं."

13 मे 2022 रोजी भारतानं गव्हाची निर्यात बंद केली. तेव्हा कांडला बंदरात इजिप्तसाठी 61,500 टनांचं जहाज भरत होतं, त्याला खास परवानगी काढून सोडावं लागलं. डिसेंबर 2023 ते मे 2024 या काळात कांद्याची निर्यात बंद होती. नाशिकमध्ये भाव पडले म्हणून आंदोलनं झाली, आणि तोच कांदा कोलंबोत महागला. विकणाऱ्या देशातही मतदार असतात.

"सबसिडीचा पैसा शेतीत घाला, स्वयंपूर्ण व्हा."

आधी एक गैरसमज. इजिप्तच्या सबसिडीतला मोठा भाग शेतकऱ्यालाच जातो, कारण भाकरीसाठीचा देशी गहू सरकार त्याच्याकडूनच विकत घेतं, चांगल्या वर्षी 35 ते 40 लाख टन. अर्देबला (150 किलो) 2022 मध्ये 885 पौंडांपर्यंत भाव होता, 2024 मध्ये 2,000 झाला.

मग गहू का वाढत नाही? इजिप्तचं हेक्टरी उत्पादन साडेसहा टनांच्या आसपास आहे, भारताच्या जवळजवळ दुप्पट. तिथे वाढीला जागा थोडी. लागवडीची जमीन देशाच्या चार टक्क्यांहून कमी, लोकसंख्या दहा कोटींच्या वर, आणि 1959 च्या करारानं नाईलच्या पाण्याचा वाटा 55.5 अब्ज घनमीटर ठरलेला. हिवाळ्यात त्याच जमिनीवर बरसीम हा हिरवा चाराही हवा असतो, कारण घरातली म्हैस त्याच्यावर जगते. गहू वाढवला तर चारा कमी होतो आणि दूध महागतं. साधारण 90 लाख टन पिकतं, त्याहून जास्त आणावं लागतं. पैसा ओतून ही दरी थोडी अरुंद होईल, पण बुजणार नाही.

पैसा ओतून पाहिलेला देश शेजारीच आहे. सौदी अरेबियानं जागतिक भावाच्या कितीतरी पट दर देऊन वाळवंटात गहू पिकवला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन 40 लाख टनांवर गेलं आणि निर्यातही झाली. पाणी होतं हजारो वर्षांपूर्वी जमिनीत साठलेलं, पुन्हा न भरणारं. 2008 मध्ये सरकारनं सरकारी खरेदी टप्प्याटप्प्यानं कमी करायची ठरवली, 2016 पर्यंत ती थांबवली, आणि गहू पुन्हा जहाजानं यायला लागला.