रोज अर्धा किलोमीटर वाढवण्याचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘21 दिवसांत 10 किलोमीटर. रोज अर्धा किलोमीटर वाढवा, पावसातही खाडा नको, दम लागेपर्यंत पळा, पाय दुखला तर पळूनच मोकळा होतो.’ भरतीची तयारी करणारी पोरं आणि नुकतीच शुगर निघालेली चाळिशीची माणसं, दोघंही तो मनावर घेतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी हिशेब. अर्धा किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण रोज वाढवत गेलं की पहिल्या आठवड्याची बेरीज 14 किलोमीटर होते, दुसऱ्याची साडेअडतीस आणि तिसऱ्याची 63. नेमाने हाफ मॅरेथॉन पळणारे कितीतरी जण आठवड्याला एवढं पळत नाहीत, आणि आपण हे परवापर्यंत स्कूटरवरून न उतरलेल्या माणसाला सांगतोय!

घात इथेच होतो. दम काही आठवड्यांत सुधारतो, हाडाला मात्र महिने लागतात. ताण पडलेल्या जागी शरीर आधी जुनं हाड काढतं आणि मग नवं भरतं, त्यामुळे मधल्या काळात ती जागा उलट कमकुवत असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती ‘अजून पळ’ म्हणते आणि नडगी ठणकायला लागते, ती यामुळे. खाडा हवा तोही यासाठीच, कारण ही भरणी विश्रांतीत होते.

‘पळूनच मोकळा होतो’ हे वाक्य तर सगळ्यात घातक. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पोरं नडगी चोळत ‘पळून पळूनच सुटतंय की’ म्हणतात तेव्हा जीव खाली-वर होतो. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली न्या. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर काही दिवस पळणं बंद ठेवून बहुधा भागतं. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, चालताना किंवा रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर हाडाला चीर असू शकते. पळणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेत ती चीर पुष्कळदा दिसत नाही, हेही लक्षात ठेवा.

‘दम लागेपर्यंत’ हे भरतीच्या 1600 मीटरला ठीक, कारण तिथे घड्याळ असतं. तरी त्या पोरांनीही असा जोर आठवड्यातून एखाद्या दिवशीच लावावा. एरवी सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकंच पळायचं. राजहंसगडाच्या चढावर बोलणं तुटलं तर सरळ चालावं, त्यात कमीपणा कसला?

या मेसेजला उत्तर म्हणून काहीजण ‘आठवड्याला 10 टक्केच वाढवा’ असं सांगतात. माझ्या मते तोही मंत्र नव्हे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी 532 नवख्या धावकांवर हे तपासून 2008 मध्ये निष्कर्ष मांडले. काहींना 10 टक्क्यांचा 13 आठवड्यांचा कार्यक्रम दिला, बाकीच्यांना नेहमीचा 8 आठवड्यांचा. दोन्हीकडे साधारण पाचातला एक दुखावलाच. आकड्यापेक्षा पायाचं ऐकावं लागतं.

माझं सांगणं असं: आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, थोडं पळत थोडं चालत. अंतर वाढवायचं ते या तीन दिवसांपैकी एकाच दिवशी, आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं. 10 किलोमीटरला तीन-चार महिने लागले तर लागू देत.

राहिला पाऊस. जुलैत जांबोटीकडच्या तांबड्या मातीवर पाय कुठे सरकेल सांगता येत नाही, आणि पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. अशा दिवशी खुशाल खाडा करा. घरातल्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, भिंतीला हात लावून, टाचा सावकाश वर-खाली करा. 15 वेळा, असे तीन फेरे. पळताना प्रत्येक पावलाचा भार पोटरी झेलते, आणि नवख्याची पोटरीच आधी थकते.