‘डेटा सिंक करतो’ म्हणजे नेमकं काय करतो रे बाबा?

एका कंपनीच्या प्रॉडक्टमधली, एआय एजंटने (म्हणजे स्वतःहून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामने) वापरायची तीन टूल्स. एकाचं नाव सिंक डेटा, दुसऱ्याचं अपडेट डेटा, तिसऱ्याचं रिफ्रेश डेटा. आणि वर्णन? अनुक्रमे ‘डेटा सिंक करतो’, ‘डेटा अपडेट करतो’, ‘डेटा रिफ्रेश करतो’. धन्य! कुठला डेटा, कुठून कुठे, जुना पुसून की त्यात भर घालून, याबद्दल चकार शब्द नाही. आणि वर तोरा असा की आमचं प्रॉडक्ट एआय एजंटसाठी तयार आहे.

गेला अख्खा आठवडा मी या टूल्सना एजंट जोडण्यात घालवला. स्टेटस नावाचा एक पॅरामीटर, म्हणजे टूलला पुरवायची माहिती, आहे. टाइप: स्ट्रिंग, म्हणजे कुठलाही मजकूर. संपलं. एजंटने बिचाऱ्याने ‘ॲक्टिव्ह’ पाठवलं. मीही तेच पाठवलं असतं. पण आत चालतात फक्त ए, आय आणि पी ही तीन अक्षरं! जेसन स्कीमात, म्हणजे टूलला कुठली माहिती कशी द्यायची ते लिहायच्या साच्यात, चालणाऱ्या व्हॅल्यूंची यादी द्यायला इनमची सोय आहे, एका ओळीचं काम. तेवढेही कष्ट नकोत. बरं, चुकलं तर चुकलं म्हणून तरी सांगा! सर्व्हरने उत्तर दिलं २००, म्हणजे सगळं ओके, आणि आतल्या मजकुरात हळूच ‘सक्सेस: फॉल्स’. एजंटने २०० पाहिलं आणि मला खुशाल कळवलं, काम झालं.

तारखांचं तर विचारूच नका. ‘टाइमस्टॅम्प: नंबर.’ अरे, १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद की मिलिसेकंद? एजंटने दहा आकडी सेकंद दिले, टूलला हवे होते तेरा आकडी मिलिसेकंद. टूलने हूं की चूं न करता घेतले आणि तीनशेहून जास्त नोंदींची तारीख झाली २१ जानेवारी १९७०. सगळ्यांची तीच. ‘मिलिसेकंद’ हा एक शब्द कुणी लिहिला असता तर माझा शनिवार-रविवार वाचला असता.

तक्रार केली तर उत्तर काय, तर ‘दुसरं मॉडेल वापरून बघा’. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी हट्टाने तीन मॉडेल्स लावून बघितली. तिघांनीही ‘ॲक्टिव्ह’च पाठवलं.

यांना एक साधी गोष्ट समजत नाही. आजवर हे असलं डॉक्युमेंटेशन खपून गेलं, कारण माणूस शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारायचा, ‘ए, हा मोड दोन काय प्रकार आहे?’ आणि शेजारचा ओरडायचा, ‘हात लावू नकोस, सगळं उडतं त्याने!’ खरं डॉक्युमेंटेशन म्हणजे ते ओरडणं होतं. एजंटला शेजारी खुर्ची नाही. त्याच्या पुढ्यात टूलचं नाव, वर्णन आणि स्कीमा एवढंच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एमसीपीमध्ये, म्हणजे एजंटला टूल्स जोडायच्या खुल्या मानकात, तर मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून हे टूल नुसतं वाचतं की काही पुसूनही टाकतं, ते सांगायला वेगळ्या खुणा आहेत. त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये हे मान्य, पण आधी भरा तरी! इथे मोड दोनवाल्या टूलला काहीही नाही. ना खूण, ना ‘हे परत आणता येत नाही’ एवढी ओळ.

कमांड लाइनवालं त्यांचं दुसरं टूल मधेच विचारतं, ‘नक्की ना? वाय की एन?’ आणि थांबून राहतं. एजंटही थांबतो. हा प्रश्न टाळायचा फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय, आहे म्हणे. कुठे लिहिलाय? चाळीस मिनिटांच्या एका व्हिडिओत!

मी फारच कटकट केली, तेव्हा त्यांनी वर्णनं ‘सुधारली’. फंक्शनचं नाव एआयला दिलं आणि म्हणाले, लिही. आता ‘डेटा सिंक करतो’च्या जागी तीन परिच्छेद आहेत. हे शक्तिशाली टूल तुमचा डेटा अखंडपणे, कार्यक्षमपणे सिंक करतं. कुठला डेटा? माहीत नाही. पण आता ते माहीत नसणं तीन परिच्छेद लांब झालंय, आणि टूल्सची यादी जाते तिथे हा सगळा पसारा कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेलपुढे ठेवलेल्या मजकुरात, जाऊन बसतो. आधीची एक ओळ निदान फुकट तरी होती.

शेवटी मीच बसले. प्रत्येक टूल चालवून, आपटून, काय होतं ते बघून वर्णनं लिहिली. ‘एका वेळी जास्तीत जास्त शंभर नोंदी मिळतात, पुढच्या हव्या असतील तर कर्सर (कुठून पुढे हवं ती खूण) द्या.’ ‘ग्राहकाचा आयडी द्या, नाव चालत नाही.’ कंटाळवाणी, रुक्ष वाक्यं. दोन दिवस गेले, पण त्याच एजंटने तेच काम पहिल्या फटक्यात केलं. मॉडेल तेच होतं, बरं का.

आणि काल त्यांची नवी आवृत्ती आली. रिलीज नोटमध्ये एकच ओळ, ‘किरकोळ सुधारणा’. स्टेटसला आता डी पण चालतं असं दिसतंय. डी म्हणजे ड्राफ्ट की डिलीट, असं मी विचारून ठेवलंय. अजून उत्तर नाही.