‘बेस्ट ऑफ द कॉर्स’ या सीडीविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या ‘बेस्ट ऑफ द कॉर्स’ या जुन्या सीडीला आपण एकच तारा दिला आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे की, तीवरील ‘रनअवे’ हे गाणे १९९५ सालचे मूळ ‘रनअवे’ नाही, त्यावर वेगळाच ठेका चढवलेला आहे, ‘समर सनशाइन’ हे गाणे तर मुळीच नाही, आणि म्हणून ही बनावट प्रत आम्ही अस्सल म्हणून विकली. आपले कान तयार आहेत, यात शंका नाही. ‘रनअवे’ खरोखरच वेगळे आहे. मात्र त्यावरून प्रत बनावट ठरत नाही, आणि हा आरोप जाहीरपणे झालेला असल्याने त्याचे उत्तरही येथेच देणे आम्हाला आवश्यक वाटते.

आयर्लंडमधील डंडॉक या गावच्या आंद्रेया, शॅरन, कॅरोलिन आणि जिम या चार भावंडांच्या ‘द कॉर्स’ या वाद्यवृंदाचा ‘फर्गिव्हन, नॉट फर्गॉटन’ हा पहिला अल्बम १९९५ मध्ये आला. ‘रनअवे’ त्यातलेच. ब्रिटनमध्ये मात्र ते तेव्हा खपाच्या यादीत पहिल्या ४० गाण्यांतही पोचले नाही. तेथील चित्र पालटले ते १९९८ मध्ये, जेव्हा त्यांनी गायलेल्या, मूळच्या फ्लीटवुड मॅक या रॉक वाद्यवृंदाच्या ‘ड्रीम्स’चे टॉड टेरी या अमेरिकन डीजेने केलेले रिमिक्स गाजले, पाठोपाठ ‘व्हॉट कॅन आय डू’ आणि ‘सो यंग’ ही गाणीही नव्या रूपात निघाली, आणि ‘टॉक ऑन कॉर्नर्स’ हा त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. १९९९ मध्ये टिन टिन आउट या ब्रिटिश संगीतकार जोडीने नव्याने बांधलेले ‘रनअवे’ तेथे दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. २००१ च्या या संकलनात तेच रूप घेतलेले आहे, कारण लोकांनी उचलून धरलेले ‘रनअवे’ ते होते. आपल्याकडे त्याच सुमारास जुन्या हिंदी गाण्यांची जी वाताहत झाली, तिच्यामुळे रिमिक्स म्हटले की कपाळाला आठ्या पडतात, हे मी समजू शकतो. पण येथे कोणी परस्पर कापाकापी केलेली नाही, ही गाणी त्यांच्या कंपनीनेच अधिकृतपणे प्रसिद्ध केलेली आहेत. कव्हरच्या मागील बाजूस त्या त्या गाण्यापुढे रिमिक्स करणाऱ्यांचे नाव छापलेले असून त्या बाजूचे छायाचित्र आमच्या विक्रीच्या पानावर प्रथमपासून आहे.

‘समर सनशाइन’ २००४ मधले आहे; २००१ च्या सीडीवर ते असते, तर मात्र प्रत बनावट असल्याचा संशय रास्त ठरला असता.

व्यक्तिशः मला विचाराल, तर मूळ ‘रनअवे’च मला अधिक आवडते, आणि या संकलनाविषयी माझी खरी तक्रार आपल्याहून थोडी निराळी आहे: शॅरनचे व्हायोलिन, आंद्रेयाची टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, आणि कॅरोलिनचे बोरान, म्हणजे आयरिश डफ, यांनी रंगणाऱ्या पारंपरिक धुनांना त्यात वावच नाही. गाजलेल्या गाण्यांचा संग्रह म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे हा वाद्यवृंद इतर पॉप मंडळींहून वेगळा का होता, हे नवख्या श्रोत्याला नीटसे कळत नाही. आपल्याला हवे आहे ते १९९५ च्या अल्बममध्ये सापडेल, किंवा १९९९ मध्ये आयर्लंडच्या ‘विकलो’ परगण्यातील आर्डमोर स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘अनप्लग्ड’ या अल्बममध्ये, त्यात ‘रनअवे’ही आहे आणि ‘टॉस द फेदर्स’ ही पारंपरिक धूनही.

किमतीबद्दल एवढेच, की ती चकतीची आणि कव्हरची स्थिती पाहून ठरवलेली आहे. आपली सीडी सुस्थितीत असल्यास ती परत पाठवावी. त्याच रकमेत वरील दोहोंपैकी आपण म्हणाल तो अल्बम आम्ही देऊ, आणि परतीचा कुरिअरचा खर्च आमच्याकडे राहील. सीडी न पाठवता अस्सलपणाची खात्री करून घ्यायची असेल, तर चकतीच्या आतील कड्यावर कोरलेल्या क्रमांकाचे छायाचित्र पाठवावे, म्हणजे विक्रीपूर्वी आम्ही केलेल्या नोंदीशी ते पडताळून आपल्याला लेखी कळवता येईल.

आपला,
दुकानाचा मालक