आगाखान पॅलेसचा व्हरांडा इतका वेळ का दाखवला?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमची मुख्य तक्रार अशी की, पुण्यातल्या आगाखान पॅलेसवरच्या व्हिडिओत निम्मा वेळ मी व्हरांड्यातून चालण्यात घालवला आणि गांधीजी, कस्तुरबा जिथे राहिले त्या खोल्या घाईत उरकल्या. वास्तूचं वातावरण इतिहासानं घडतं, कमानींनी नाही, असं तुम्ही लिहिलंत. चित्र काळपट का, हेही विचारलंत.

इतिहासाबद्दल आपल्यात वाद नाहीच. ऑगस्ट १९४२ मध्ये इथे स्थानबद्ध झाल्यावर आठवड्याच्या आत, १५ ऑगस्टला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई गेले. पुढच्या फेब्रुवारीत गांधीजींचा २१ दिवसांचा उपवास इथेच झाला. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबाही गेल्या. पण हे सगळं आपण पाटीवर वाचतो, पुस्तकातून घेऊन येतो. खोलीचं चित्र काढलं तर त्यात येतात भिंती आणि जपून ठेवलेल्या वस्तू. तिथे आवाज खाली का येतो, हे खोलीत कॅमेरा लावून मला सापडलं नाही. व्हरांड्यात सापडलं.

१८९२ च्या या वास्तूला चहूबाजूंनी साधारण अडीच मीटर रुंदीचा व्हरांडा आहे. बागेतून मोठ्यानं बोलत आलेला घोळका तिथे शिरला की मोडतो, दोघं-तिघं मिळून चालू लागतात. एका हाताला भिंत आणि दारं, दुसऱ्या हाताला कमानी. फरशीवर उन्हाचा पट्टा, मग सावली, पुन्हा पट्टा. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून थेट खोलीत शिरलात तर क्षणभर काहीच दिसत नाही. इथे मात्र दारापाशी पोचेपर्यंत डोळे निवलेले असतात, पावलंही मंदावलेली असतात. माणूस खोलीत शिरतो तो बदलूनच.

याच्या उलट, एखाद्या जुन्या सरकारी कचेरीतला मधला बोळ आठवून बघा. दोन्ही बाजूंना खोल्या, भरदिवसा ट्यूबलाइट, बाकावर फायली मांडीवर घेऊन बसलेली माणसं. साहेब भेटायच्या आधीच आपण दबलेले असतो, आणि ते काम त्या बोळानं केलेलं असतं. म्हणून ‘पुण्यात कमानी ढिगानं आहेत’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही. कमानी असतील, पण त्यांच्यामागची वाट किती रुंद, उजेड कुठल्या बाजूनं, दार किती पावलांवर, यावर सगळं ठरतं.

आता काळपटपणा. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड आत घेतो ते, ऑटोवर ठेवलं की समोर कमान आली की कॅमेरा उजेड उतरवतो आणि खांब आला की वाढवतो. चालताना चित्र धाप लागल्यासारखं खालीवर होत राहतं. शिवाय सावली उजळते आणि व्हरांड्याचा जीवच जातो. म्हणून फरशीवरचा उन्हाचा पट्टा नीट दिसेल असं एक्स्पोजर धरून ते लॉक केलं. भिंत अंधारली, ती मला तशीच हवी होती. वाइड लेन्स टाळली, कारण तिच्यातून अडीच मीटरचा व्हरांडा दिवाणखान्याएवढा दिसतो. कमानींना समांतर, बाजूला तोंड करून कॅमेरा नेला असता तर खांब झटके देत सरकले असते, म्हणून समोर बघत, चालण्याच्या वेगानं गेलो. संगीत मुद्दाम घातलं नाही. पावलांचा आवाज आणि मागची नगर रस्त्यावरची वाहनं, दोन्ही ठेवली. ते हॉर्न काढून टाकले असते तर आज तिथे गेल्यावर कानांना जे जाणवतं ते खोटं ठरलं असतं.

खोल्यांना वेळ कमी मिळाला, असं तुम्हाला अजूनही वाटेल. पण त्या वास्तूतली आणखी एक वाट मला जास्त खुणावते. मागच्या आवारात महादेवभाई आणि कस्तुरबांच्या समाध्या आहेत. महादेवभाई गेल्यावर गांधीजी त्यांच्या समाधीवर फुलं वाहायला नेमानं जात. इमारतीपासून तिथवरचं अंतर एकही कट न घेता चित्रित करायचं आहे. त्यातही वाटच जास्त वेळ दिसेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. बघून पुन्हा असंच सविस्तर लिहा.