‘नुसता गाळ आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुम्ही एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, अल्बम पूर्ण ऐकून लिहिलीत, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय संपवणं मला जमणार नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हॉकविंड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७२ च्या ‘डोरेमी फासोल लाटिडो’ या अल्बमवर मी लिहिलं होतं. दादांचं म्हणणं असं की रेकॉर्डिंग म्हणजे नुसता गाळ आहे, साडेअकरा मिनिटं एकच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) घासलाय आणि वर शिट्ट्या न घूं घूं, कोणी जाणता प्रोड्यूसर असता तर काहीतरी झालं असतं, त्याच वर्षी पिंक फ्लॉइड काय करत होते ते बघा, आणि शेवटी ‘सोलापुरात मागाच्या खडखडाटात वाढलात म्हणून तुम्हाला गोंगाट पण संगीत वाटतो’.

मागाचं आधी घेतो. मी पूर्व भागातच वाढलोय, यंत्रमाग मला झोपेत पण ओळखू येतो. माग दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही, प्रत्येक ठोका सारखा, शेजारचा माग बंद पडला तरी याला फरक पडत नाही. सायमन किंगचं ड्रमिंग तसं नाहीये, बाकीचे काय करतायत त्यावर तो भरणा वाढवतो, कमी करतो, आणि ‘ब्रेनस्टॉर्म’सारखं लांबलचक गाणं त्याच्यामुळेच उभं राहतं. त्यामुळे ही तुलना मला मान्य नाही, आणि ती सोलापूरवर अन्याय करते म्हणून नाही तर ड्रमरवर अन्याय करते म्हणून.

आता प्रोड्यूसर. हॉकविंडचा पहिला अल्बम १९७० चा, तो प्रिटी थिंग्ज या बँडच्या डिक टेलरनं प्रोड्यूस केला होता. दुसरा १९७१ चा, त्यात जॉर्ज किआन्ट्झसारखा मुरलेला इंजिनियर सोबत होता. म्हणजे जाणती माणसं मिळत नव्हती असं अजिबात नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी सूत्रं स्वतःकडं घेतली आणि वेल्समध्ये मॉनमथजवळ रॉकफील्डला गेले. हा स्टुडिओ किंग्सली आणि चार्ल्स वॉर्ड या भावांनी घरच्या डेअरी फार्मवर काढलेला, तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं आणि तिथंच रेकॉर्ड करायचं, अशी सोय असणारा जगातला पहिला स्टुडिओ म्हणून त्याचं नाव घेतात. लंडनमधल्या तासावर चालणाऱ्या स्टुडिओपेक्षा ही गोष्ट वेगळी, आणि सहा जणांनी एकत्र वाजवून एक गोळाबंद आवाज काढायचाय अशा बँडला तर फारच वेगळी.

आणि तो आवाज गाळ का वाटतो याचं कारण मला मिक्सिंगच्या आधी, बँडमध्ये कोण काय वाजवतंय तिथंच दिसतं. लेमी हॉकविंडमध्ये येईपर्यंत गिटारवाला होता, बास त्यानं इथं येऊन हातात घेतला आणि तो रिदम गिटारसारखा वाजवला, दोन-दोन तारा एकदम, कॉर्ड छेडत. म्हणजे बास खाली बसून राहत नाही, वर सरकून डेव्ह ब्रॉकच्या गिटारच्या जागेत घुसतो. निक टर्नरचा सॅक्सोफोन पण साधारण त्याच पट्ट्यात, म्हणजे मधल्या सुरांत. लीड गिटारवाला पहिल्या अल्बमनंतर गेलेला, त्याच्या जागी कोणी आणलाच नाही. तर मधला पट्टा खच्चून भरलेला आणि सोलो मारणारं कोणी नाही, मग गाण्यात हलतंय कोण? तुम्ही ज्याला शिट्ट्या म्हणता ते! डेल डेटमारचा सिंथेसायझर आणि डिक मिकचा ऑडिओ जनरेटर, ही दोघं या अल्बमचे लीड वाजवणारे आहेत. एकदा तसं धरून ‘लॉर्ड ऑफ लाइट’ ऐका, रिफ सोडून द्या, तो आपला आहेच तिथं, फक्त वरून काय फिरतंय त्याचा पाठलाग करा.

डेटमारचं मशीन म्हणजे व्हीसीएस-३, लंडनच्या ईएमएस कंपनीनं १९६९ मध्ये काढलेलं. त्यात तीन ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे भाग), एक जॉयस्टिक आणि १६ बाय १६ भोकांची एक पाटी, त्यात पिना खोचून कुठला आवाज कुठं जोडायचा ते ठरवायचं. पेटीसारख्या पट्ट्या त्याला नाहीतच, की-बोर्ड वेगळा घ्यावा लागायचा. शिवाय मशीन गरम झालं की सूर सरकतो. अशा यंत्रावर सरळ धून वाजवायला जाणं म्हणजे त्याच्याशी भांडणं. त्यापेक्षा नॉब फिरवून आवाज खालून वर खेचत नेणं, फिल्टर उघडत-मिटत ठेवणं, हेच त्याला शोभतं आणि डेटमारनं तेच केलं. डिक मिकचं साधन तर त्याहून साधं, पण रिंग मॉड्युलेटर (दोन आवाज मिसळून तिसरेच सूर काढणारं यंत्र) आणि इकोमधून गेलं की त्यातून निघणारे आवाज कुठल्याच ओळखीच्या वाद्याचे राहत नाहीत. अवकाशात हरवल्यासारखं जे वाटतं ते शब्दांमुळे कमी आणि यांच्यामुळे जास्त.

पिंक फ्लॉइडचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण त्यांच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममध्ये पण ईएमएसचंच यंत्र आहे, सिंथी एकेएस, सीक्वेन्सर (भरलेले सूर आपोआप परत परत वाजवणारा भाग) असलेलं. ‘ऑन द रन’ त्यावरच उभंय, आठ सुरांची एक ओळ भरली आणि तिचा वेग प्रचंड वाढवला. ॲबी रोडचा स्टुडिओ, ॲलन पार्सन्ससारखा इंजिनियर, आणि १९७२ च्या मे अखेरीपासून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत मध्येमध्ये चाललेलं काम. मला तो अल्बम प्रचंड आवडतो. पण तिथं प्रत्येक आवाजाला स्वतःची जागा आखून दिलीय, तुम्ही कुठल्याही क्षणी बोट ठेवून सांगू शकता की हा हा आणि तो तो. हॉकविंडला नेमकं ते नको होतं. एकाच कंपनीची यंत्रं, एकच वर्ष, आणि दोन बँडनी त्यातून दोन उलट्या गोष्टी काढल्या, यात एक बरोबर आणि दुसरा अडाणी असं कसं ठरवणार?

हे मी नुसतं वाचून बोलत नाहीये. आम्ही मित्र जुळे सोलापुरात एका खोलीत रेकॉर्डिंग करतो. भिंतींना आपल्या सोलापुरी चादरी टांगलेल्या, दुहेरी करून. चादर वरचे, झांजेचे आवाज चांगले पिते पण खालच्या आवाजाला ती काही करू शकत नाही, त्याला जाड आणि खोल काहीतरी लागतं, त्यामुळे बास खोलीभर घुमत राहतो आणि ड्रमच्या माइकात पण शिरतो. मे महिन्यात तर माइक उचलतो म्हणून पंखा पण बंद, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस. तर तिथं एक लांब, एकाच रिफवर चालणारी रचना आम्ही दोन्ही पद्धतीनं केली. एकदा क्लिक (कानात वाजणारा लयीचा ठोका) लावून प्रत्येकानं वेगवेगळं वाजवलं, सगळं स्वच्छ, आणि तीन मिनिटांनंतर ऐकवेना, कारण रिफ उघडा पडला, त्यात ऐकण्यासारखं तेवढंच होतं. मग सगळ्यांनी एकत्र वाजवलं, एकमेकांच्या माइकात सांडत, आणि तोच रिफ कितीही वेळ चालला तरी चालेल असा झाला, कारण त्या घुसळणीत दर वेळी काहीतरी वेगळं वर येत होतं. अल्बमच्या त्या ‘गाळा’त मला हेच ऐकू येतं.

आणि एकच रिफ म्हणून नाक मुरडायचं असेल तर आपण तरी नको मुरडायला, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे की ओ. विठ्ठलाच्या गजरात शब्द किती असतात? एक म्हणतो, बाकीचे मागून घेतात, टाळ दाटत जातात, लय चढते, आणि अर्ध्या तासानं पण कोणी म्हणत नाही की यात नवीन काय. ‘टाइम वी लेफ्ट धिस वर्ल्ड टुडे’ची रचना तशीच आहे, पुढचा म्हणतो आणि मागचे उत्तर देतात. भक्तीचा भाग सोडून द्या, मी फक्त घोळवण्याबद्दल बोलतोय.

एका ठिकाणी मी तुमच्या बाजूचा आहे. सॅक्सोफोन खूपच मागं टाकलाय, टर्नर काहीतरी छान वाजवतोय असं कळतं आणि तेवढ्यात तो बुडतो. गायकीचं पण काही ठिकाणी तसंच. पण त्यावरून हा अल्बम ‘न जमलेला लाइव्ह शो’ आहे हे तुमचं वाक्य पटत नाही. सातपैकी पाच गाणी त्याच डिसेंबरमध्ये लिव्हरपूल आणि ब्रिक्स्टनला लाइव्ह रेकॉर्ड झाली आणि १९७३ च्या ‘स्पेस रिच्युअल’ या लाइव्ह अल्बमवर आली, त्यामुळे तुलना सोपी आहे. ‘डाउन थ्रू द नाइट’ घ्या. स्टेजवर ते जड, इलेक्ट्रिक, धावणारं आहे. स्टुडिओत तेच ॲकूस्टिक गिटारवर चालतं, बासरी येते, आणि मागं ते जनरेटर वाऱ्यासारखे. अख्खं गाणं मोकळं आहे! ज्यांना फक्त गोळा करून आवाज वाढवता येतो त्यांना हे सुचणार नाही. ‘स्पेस इज डीप’ची सुरुवात पण तशीच. आणि उरलेली दोन गाणी, म्हणजे डेटमारचा जेमतेम मिनिटभराचा पियानो आणि लेमीचं ‘द वॉचर’, ती तर ‘स्पेस रिच्युअल’वर नाहीतच. ‘द वॉचर’ हे लेमीनं हॉकविंडसाठी लिहिलेलं पहिलं गाणं, एवढ्या गदारोळानंतर अल्बम त्याच्यावर संपतो, ॲकूस्टिक, कोरडं, आणि आवाज अगदी कानाशी. जागा कुठं भरायची आणि कुठं रिकामी ठेवायची हे या लोकांना कळत होतं, म्हणूनच ‘ब्रेनस्टॉर्म’ भरलेलं आहे ते ठरवून भरलंय असं मी म्हणतो.

तुम्ही फोनच्या स्पीकरवर ऐकलंय असं लिहिलंय. त्यात खालचे आवाज येतच नाहीत, उरतो तो मधला पट्टा, आणि या अल्बमचा मधला पट्टा कसा आहे ते वर सांगितलंच. चांगले हेडफोन लावा, ‘डाउन थ्रू द नाइट’ दोन्हीकडचं एकापाठोपाठ ऐका, मग ‘ब्रेनस्टॉर्म’ पूर्ण. त्यानंतरही गाळच वाटला तर इथंच लिहा, तुमचं मत खोडणार नाही. ‘स्पेस रिच्युअल’वरचा लेख अर्धा लिहून झालाय, सॅक्सोफोनबद्दलची तुमची तक्रार त्यात घेतोय.