विंडोजवाल्या राहुलचा पाहुणचार

तुमच्याकडे अजून फोन आला नसेल तर नाराज होऊ नका, येईल. आमच्या काकांना चौऱ्याहत्तराव्या वर्षी आला. वेळ पावणेबाराची, म्हणजे घरातली कर्ती माणसं कामावर आणि काका शेवटच्या पानावरच्या शब्दकोड्यापाशी. लँडलाइन वाजली. "सर, मैं राहुल बोल रहा हूँ, विंडोज टेक्निकल डिपार्टमेंट से. आपके कंप्यूटर से हमें एरर सिग्नल आ रहे हैं." काका बांधकाम खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. डिपार्टमेंट हा शब्द ऐकला की ते अजूनही खुर्चीत सरळ बसतात.

दोन तास दहा मिनिटं आणि एक लाख शहाऐंशी हजार रुपये खर्च करून आमचं घर आता या विषयात जाणकार झालं आहे. म्हणून चार सूचना देतो. फुकट. राहुल पैसे घेतो, मी घेत नाही.

पहिली म्हणजे, फोन उचलल्या उचलल्या विश्वास ठेवा. जगात विंडोजवर चालणारे शंभर कोटींच्या वर संगणक आहेत. त्यातला नेमका तुमचा, क्रोशाच्या रुमालाखाली आठ दिवस बंद पडून असलेला लॅपटॉप आजारी असल्याचं मायक्रोसॉफ्टला कळतं, आणि तिथला माणूस हातातलं काम टाकून तुमची लँडलाइन फिरवतो. यात न पटण्यासारखं काय आहे? गॅस संपला हे एजन्सीला चारदा सांगावं लागतं, हा भाग वेगळा. मायक्रोसॉफ्ट बिचारी सांगत असते की आम्ही आपणहून कुणाला असे फोन करत नाही आणि आमच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. पण कंपन्या काय, काहीही सांगतात.

आलेला फोन लँडलाइनवर घेतलेला बरा. मोबाइल ओटीपी वाचायला मोकळा राहतो.

आता राहुल तुम्हाला चार खिडक्यांचं चित्र असलेलं बटण आणि आर हे अक्षर एकदम दाबायला सांगेल. सापडेपर्यंत तो थांबेल, त्याला घाई नसते. मग एकेक अक्षर सांगेल, ई फॉर एलिफंट, व्ही फॉर व्हिक्टर. शेवटी जी खिडकी उघडेल ती 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची संगणकाची रोजनिशी. अमुक प्रोग्रॅम उशिरा सुरू झाला, तमुक प्रिंटर सापडला नाही, अशा शेकडो किरकोळ नोंदी तिथे असतात. काहींपुढे लाल गोल, काहींपुढे पिवळा त्रिकोण. चांगल्या चालत्या लॅपटॉपमध्येही त्या असतातच. मी परवाच घेतलेला माझा कोरा लॅपटॉप उघडून पाहिला, तिथेही लाल गोलांची जत्रा. पण तुम्ही घाबरा. घाबरल्याशिवाय पुढच्या पायरीला मजा नाही.

काकांनी घाबरता घाबरता टिपण ठेवलं. सवयच ती. तो कागद माझ्याकडे आहे, कॅलेंडरच्या एप्रिल महिन्याची मागची बाजू. निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात: "श्री. राहुल, विंडोज खाते. 11.50 वा. एकूण दोष 3,412. परदेशी माणसे शिरली आहेत." खाली आकड्यांची आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ, सुरुवात 888DCA60 अशी. त्याखाली "ओटीपी दिला", पुढे बरोबरची खूण. पुन्हा "ओटीपी दिला", पुन्हा खूण. अशा पाच खुणा. सरकारी कामात नोंद राहिलेली बरी, असं ते म्हणायचे.

त्या लांबलचक ओळीचं कौतुक सांगायलाच हवं. राहुल म्हणाला, "सर, ये आपके कंप्यूटर का लाइसेंस नंबर है. मैं बोलता हूँ, आप मिलाइये." त्याने एकेक आकडा सांगितला, काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून पडताळला. शेवटपर्यंत जुळला! आपल्या घरातल्या लॅपटॉपचा नंबर पाठ असलेला माणूस विंडोजचा नाही तर कुणाचा? आता मूळ गोष्ट अशी की काळ्या खिडकीत 'असॉक' ही आज्ञा दिली की हा नंबर दिसतो, आणि तो काकांच्या लॅपटॉपवर, माझ्या लॅपटॉपवर आणि कलेक्टर कचेरीतल्या लॅपटॉपवर एकच असतो. झिप फाइलींशी संबंधित एका सोयीचा तो अंतर्गत क्रमांक आहे. म्हणजे एखाद्यानं तुमचं दार वाजवून "तुमच्या नोटेवर गांधीजींचं चित्र आहे, म्हणजे ती माझीच" म्हणावं आणि आपण पाकीट काढून द्यावं, तसं. आणि ती परदेशी माणसं? 'नेटस्टॅट' ही आज्ञा दिली की एका रकान्याच्या डोक्यावर 'फॉरिन ॲड्रेस' असं छापून येतं. अर्थ एवढाच, की जोडणीचं पलीकडचं टोक. त्या दोन शब्दांवर राहुलचं घर चालतं.

मग एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याचा संगणक लांबून चालवायचं ॲप, उतरवून घ्या. ॲप स्वतः सरळमार्गी आहे, हापिसांमध्ये लोक रोज वापरतात. पण त्यावर दिसणारा नंबर दुसऱ्याला सांगणं म्हणजे घराची किल्ली देऊन "कपाटाची तिसऱ्या फळीवर आहे हो" असं पाठीमागून ओरडणं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2019 मध्ये बँकांना याच ॲपच्या नावानिशी सावध केलं होतं. त्याला बरीच वर्षं झाली. बँकांनी ते फाइलला नीट लावलं असणार.

स्क्रीन काळी झाली तर चहा ठेवा. आमच्याकडे काकूंनी ठेवला. "सफाई चालू है, माताजी, हाथ मत लगाइये," असं राहुल म्हणाला होता. सफाईच चालली होती.

पैसे गेल्याचं लक्षात आलं की घाबरून 1930 ही सरकारची सायबर हेल्पलाइन वगैरे लावू नका. शांतपणे बँकेच्या हेल्पलाइनला फोन करा. त्या दिवसांत आधी ती सायबर फसवणुकीपासून सावध राहा सांगणारी ट्यून ऐकावी लागे. फसून झाल्यावर ती ऐकण्यात वेगळाच गोडवा आहे. मग इंग्रजीसाठी एक. हिंदीसाठी दोन. मराठीसाठी उरलेल्या भाषा संपेपर्यंत थांबा. कार्डासाठी एक, कर्जासाठी दोन, आमच्या नव्या मुदत ठेव योजनेसाठी तीन. मुदत ठेवच मोडली आहे हो, चोरानं, ऑनलाइन, चार मिनिटांत! तीच मोडायला गेल्या दिवाळीत काका स्वतः गेले होते, तेव्हा सही जुळत नाही म्हणून तीन हेलपाटे घातले होते त्यांना. चाळीस वर्षं फायलींवर सह्या केलेल्या माणसाची सही जुळेना आणि राहुलचं बोट मात्र लगेच जुळलं. असो. कस्टमर आयडी टाका. तो पासबुकाच्या पहिल्या पानावर, नेमका शिक्क्याखाली. संगीत. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. संगीत. फोन कट. पुन्हा ट्यून, पुन्हा इंग्रजीसाठी एक. नवव्या मिनिटाला एक जिवंत माणूस आला आणि म्हणाला, रजिस्टर्ड मोबाइलवरून फोन करा. रजिस्टर्ड मोबाइल काकांकडे, काका गावी, मी पुण्यात! काका तिथून शाखेत गेले. मॅडम जेवायला. मॅडम आल्या तर अर्ज हवा, आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स. झेरॉक्सवाल्याकडे लाइट नाही. तोवर ते पैसे आपले एका खात्यातून चार खात्यांत, चारांतून एटीएमला. मॅडमनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "पण ओटीपी तुम्हीच दिलात ना?"

हो, दिला. चाकू दाखवला नव्हता त्यांना कुणी. रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक मीही वाचलं आहे. गुप्त माहिती ग्राहकानं स्वतः दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं, असं त्यात होतं. ठीक आहे, नियम तो नियम. पण मग कळवायचं कुठे, ते तर सरळ ठेवा! चोराचा फोन पहिल्या रिंगला उचलला जातो, आणि चोरी कळवायला नऊ मिनिटं संगीत. पोलीस ठाण्यातही तेच. बँक कुठली, मोबाइल कुठला, फोन आला कुठून, मग ते आमच्या हद्दीत येतं का बघावं लागेल. इंटरनेटला हद्द असती तर राहुलनं उंबरठ्याबाहेर चपला काढल्या असत्या.

शेवटी 1930 च लागला, माझ्या चुलतबहिणीनं एडिसनहून आठवण केली म्हणून. न्यूजर्सीत तिला असे फोन महिन्याला दोन येतात. मागच्या वेळी ओहायोतून बोलणाऱ्या 'स्टीव्ह'नं अर्धा तास व्हायरस समजावला आणि शेवटी म्हणाला, "मॅम, काइंडली डू द नीडफुल." तिनं विचारलं, "जेवलास का रे?" फोन कट. हसू येतं, आणि लाजही वाटते. 2016 मध्ये मीरा रोडला ठाणे पोलिसांनी धाड घातली तेव्हा तिथली पोरं अमेरिकेचे करअधिकारी बनून तिथल्या लोकांना धमकावत होती. ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयनं ऑपरेशन चक्र-2 केलं, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून असेच बनावट टेक सपोर्टवाले होते. बाहेरच्यांना लुटून हात साफ झाला, आता ते आपल्या म्हाताऱ्यांकडे वळले आहेत.

1930 वर तक्रार नोंदली की ती पैसे गेलेल्या बँकांकडे जाते आणि पैसे कुठल्या खात्यात अजून पडून असतील तर तिथेच अडवले जातात. काकांचे एक्केचाळीस हजार असे अडकले. हेल्पलाइनला मी घालवलेला वेळ वाचला असता तर किती अडले असते, याचा हिशेब मी रात्री करतो. तुम्ही करू नका.

आणि आता जरा गप्प बसा आणि ऐका. आमच्या घरच्या ग्रुपवर बातमी गेल्यावर पाच मिनिटांत तिघांनी लिहिलं, "एवढे शिकलेले असून?" एकानं हसणारा चेहरा टाकला, नंतर पुसला. तुम्हीही वाचताना हसलात, मला माहीत आहे. माझीच चूक, मीच हसवलं. पण लाज वाटू दे थोडी. त्या माणसानं चाळीस वर्षं खात्याच्या पत्राला उत्तर द्यायचं असतं एवढंच शिकलं. लॅपटॉप त्यांनी मागितला नव्हता, आम्ही नवा घेतला म्हणून जुना त्यांच्या गळ्यात मारला. नेट बँकिंग आम्ही चालू करून दिलं, आमच्या सोयीसाठी, दर महिन्याला गावी जायला नको म्हणून. कुठे काय दाबायचं ते घाईघाईनं दाखवलं आणि दुसऱ्यांदा विचारलं तर "सांगितलं ना मागच्या वेळी" म्हणून खेकसलो. राहुल खेकसला नाही. आर हे अक्षर सापडेपर्यंत तो थांबला.

असा फोन आला तर ठेवायचा. "मुलाला विचारतो", "नंतर बघतो" नाही, ठेवायचा. ॲप घेऊन बसला असाल तर वाय-फायच्या डब्याची पिन उपसा, लॅपटॉपचं बटण बंद होईपर्यंत दाबून धरा, आणि दुसऱ्या फोनवरून आधी 1930, मग बँक. पासवर्ड त्या लॅपटॉपवरून बदलू नका, दुसरीकडून बदला. आणि महिन्याभरानं "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा" असा फोन येईल. तोही राहुलच. एकदा फसलेल्यांची यादी त्यांच्याकडे असते.

फोनच्या नोंदीत मी नंतर पाहिलं. 11.58 ला काकांनी मला फोन केला होता. मी कट करून "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" असा तयार मेसेज पाठवला होता.

रविवारी लॅपटॉप साफ करायला गावी गेलो. काका शेजारी पाट घेऊन बसले, हात मांडीवर. सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकलं, संध्याकाळ झाली. त्यांनी हळूच विचारलं, "गेला का रे मग व्हायरस?"

"नव्हताच, काका."

ते बराच वेळ त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग दोन तास तो काढत काय होता?"