आमच्या घरचा हिवाळा लाइट ठरवते

गावच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर खडूने दोन ओळी लिहिलेल्या असतात. या आठवड्यात थ्री फेज लाइट, म्हणजे शेतातली मोटार चालवणारी वीज, दिवसा किती ते किती, रात्री किती ते किती. पाळी बदलली की वहिनी ओल्या फडक्याने जुनं पुसतात आणि नवं लिहितात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्या घरात कोण कधी जेवणार, कोण कधी झोपणार, चूल किती वाजता पेटणार, हे सगळं त्या दोन ओळींवर चालतं.

मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहते, नोकरी इथेच. सासर डबऱ्याच्या पुढे, भितरवारच्या वाटेवर. शिंदेशाहीत मिळालेल्या जमिनीतली 1951 च्या जहागिरी रद्द करणाऱ्या कायद्यानंतर जी उरली, त्यातले बारा बिघे आज थोरले भाऊजी स्वतः कसतात. घरात भाऊजी, वहिनी, दम्याचे सासरे, सासूबाई, दोन मुलं, तीन म्हशी. नाताळची सुटी लागली की आम्ही तिकडे जातो आणि संक्रांत झाली की परततो. अठरा हिवाळे झाले.

हे आज लिहायचं कारण म्हणजे परवा हळदीकुंकवाला एक मैत्रीण म्हणाली, "तुमचं बाई बरंय, थंडीत गावी जायचं, शेकोटीशी बसायचं, मटारच्या शेंगा भाजून खायच्या." मी हो म्हटलं. शेंगा भाजतो हे खरंच. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, शेजारी बथुआची म्हणजे आपल्या चाकवताची भाजी, हेही खरं. भोगीच्या दिवशी सासूबाई आजही "न खाई भोगी तो सदा रोगी" म्हणत सगळ्यांना वाढतात. पण एवढ्यावर हो म्हणून थांबले, ते मनाला लागून राहिलं.

ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईच्या आमच्या नातेवाइकांना फोनवर सांगून कळत नाही. पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की मागून वायव्येचा कोरडा वारा थेट आमच्यावर येतो, मधे अडवायला काही नाही. मैदानी भागात किमान तापमान 4 अंशांवर किंवा खाली गेलं की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत ती वेळ येतेच. मग धुकं. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, अंगणातल्या दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट. सासऱ्यांचा दमा उफाळतो. म्हशींच्या पाठीवर पोत्याच्या झुली बांधाव्या लागतात. दूध कमी होतं. पहाटे बोअरचं पाणी तेवढं कोमट असतं, हौदावर वाफ दिसते, म्हणून वहिनी भांडी त्याच वेळी उरकतात.

हे सगळं सोसायची सवय घराला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गव्हाला तर थंडी हवीच असते, त्याशिवाय फुटवे येत नाहीत. भाऊजी डिसेंबरातल्या उबदार दिवशी काळजीत असतात आणि कडाक्याच्या सकाळी खूश.

तक्रार आहे ती रात्रीच्या पाण्याबद्दल.

आमच्याकडे आधी धान निघतं, मग गहू पेरला जातो, त्यामुळे पेरणी नोव्हेंबरच्या अखेरीस जाते. पेरणीनंतर 21 व्या दिवसाच्या आसपास, मुकुटमुळं फुटताना, पहिलं पाणी द्यावंच लागतं. ते चुकलं तर पुढे कितीही खत घाला, भरून निघत नाही. दुसरं साधारण 40 ते 45 दिवसांनी, तिसरं 60 ते 65 दिवसांनी. बोटांवर मोजून बघा. पहिलं पाणी डिसेंबरच्या मध्याला, दुसरं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तिसरं जानेवारीच्या शेवटी. वर्षातले सगळ्यात गारठ्याचे दिवस नेमके हेच. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीसाठीच्या वेगळ्या वीजवाहिनीला, लाइट दहा तास, त्यातली आमच्या वाट्याची चार तास रात्री. रात्रीची पाळी सोडली तर दिवसाच्या सहा तासांत पाणी वेळेवर पुरं होत नाही, कारण बोअर एक, आणि त्यावर चुलत दिरांचाही हक्क आहे. दिवस त्यांचा, रात्र आमची, असं वाटून घेतलंय. बारा बिघ्यांच्या एका पाण्याला दहा रात्री लागतात.

ऑटो स्टार्टर लावलाय ना, मग घरी झोपा, असं मला एकदा ऑफिसात कुणी तरी म्हणालं. स्टार्टर मोटार सुरू करतो, दारं कोण धरणार? एक वाफा भरला की नाकं बंद करून दुसरं फोडायचं, हे फावड्याने माणसालाच करावं लागतं. पाट फुटला तर शेजाऱ्याच्या मोहरीत पाणी. रात्री दीडला लाइट आली की साडेपाचपर्यंत भाऊजी पोटरीभर चिखलात उभे. डोक्याला मफलर, अंगावर दोन स्वेटर आणि पाय उघडे. गमबूट आणून दिले होते मी. चिखलात रुतून बसतात, आत पाणी शिरलं की अधिकच गार लागतात. दोन रात्रींत त्यांनी काढून ठेवले. धुक्यात टॉर्चचा उजेड चार हातांपलीकडे जात नाही. रोजडे, म्हणजे नीलगाई, पिकात शिरलेले असतात, ते कुठून अंगावर येतील कळत नाही.

आणि घरी वहिनी जाग्या. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी रात्री पाणी प्यायला उठले, तर त्या चुलीपाशी बसलेल्या. "वहिनी, झोपा की थोडं." "तू झोप गं. हे आले की पाय शेकायला पाणी लागतं, ते उतरवते न् मग पडते." पाचला पाणी उतरवायचं आणि साडेपाचला म्हशी. त्यांची ती झोप मी तरी कधी पाहिली नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट घरात आम्ही फार बोलत नाही. भाऊजी पहाटे आले ते इतके काकडलेले, की दातखीळ बसल्यासारखी झाली होती. वहिनींनी गुरसीत, म्हणजे शेगडीत, निखारे भरून ती खोलीत नेली, वारा येऊ नये म्हणून दार लावलं, खिडकीच्या फटीत गोधडी कोंबली. मुलगा तेव्हा चार वर्षांचा, तिथेच रजईत. तासाभराने सासूबाई काठी टेकत त्याला उठवायला गेल्या आणि त्यांनी दार उघडलं, म्हणून तिघं आज आहेत. भाऊजी उठवता उठेनात, मुलगा ओकत होता, वहिनींना उभं राहता येईना. आधी त्यांना अंगणात आणलं, मग गाडी करून डबऱ्याला. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो, माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, नुसती झोप येते. दर हिवाळ्यात आपल्या भागातल्या पेपरात अशी बातमी असते आणि लोक वाचून म्हणतात, एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही यांना. त्या पहाटे त्या घरात चार तास चिखलात भिजून आलेला माणूस होता. त्याला ऊब द्यायला दुसरं काय होतं? तेव्हापासून आमच्याकडे गुरसी ओसरीतच राहते आणि खोलीचं दार चार बोटं उघडं असतं. तुमच्याही घरी शेगडी पेटत असेल तर कृपा करून एवढं कराच.

रात्री लाइट देण्यामागे एक जुना हिशेब होता. कोळशाची केंद्रं रात्री बंद ठेवता येत नाहीत, घरं आणि कारखाने निजलेले, तेव्हा ती वीज शेतीला वळवा. त्या काळापुरता तो मी समजू शकते. आता वीज बनते कुठे ते पाहा. आपल्याच मध्य प्रदेशात रेव्याचा 750 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2020 पासून देशाला अर्पण झालाय. त्यातली वीज दिल्लीच्या मेट्रोलाही जाते. जावी, मला त्याचं वाईट वाटत नाही, मीही त्या मेट्रोत बसते. पण आपल्या उन्हाची वीज भर दिवसा दिल्लीला पोचू शकते, तर दिवसा आमच्या वाफ्यापर्यंतही पोचली पाहिजे. गुजरातेत 2020 च्या ऑक्टोबरात शेतकऱ्यांना दिवसा वीज देण्याची किसान सूर्योदय योजना सुरू झाली. केंद्राची कुसुम योजना 2019 ची, तिच्यात अख्खा शेतीचा फीडर सौर करण्याची तरतूद आहे. म्हणजे वाट माहीत आहे.

धुक्यात सौर वीज कमी बनते, हे भाऊजींनीच मला सांगितलं. बरोबर आहे. पण गव्हाचं पाणी एक-दोन दिवस मागेपुढे झालं तर चालतं, माणसाच्या फुप्फुसांचं तसं नाही. पाल्याची, म्हणजे दंव गोठून पीक जळण्याची, रात्र तेवढी वेगळी. आकाश स्वच्छ, वारा पडलेला, आणि जमिनीतली ऊब भराभर निघून चाललेली, अशा रात्री तूर आणि मटार वाचवायला हलकं पाणी द्यावं लागतं, वायव्येच्या बांधावर काडीकचरा पेटवून धूर करावा लागतो. तेव्हा सगळं घर शेतावर असतं, मुलंसुद्धा, आणि कुणी कुरकुर करत नाही. एकदा पाल्याने एका रात्रीत मटार काळा पडलेला मी पाहिलाय, सासरे त्या दिवशी जेवले नव्हते. अशा रात्री हिवाळ्यात दोन-चार. उरलेल्या रात्री माणसाने घरी झोपायला काय हरकत आहे?

थंडी वाढली की कलेक्टर साहेब शाळांची वेळ बदलतात, लहान वर्गांना सुटी देतात. फार चांगलं करतात. त्याच आठवड्यात त्याच मुलांचा बाप रात्री दीड वाजता शेतात असतो, आणि ती वेळ बदलायचा कागद कुठल्याच टेबलावरून निघत नाही. गेल्या वर्षी गावातल्या एकोणीस घरांच्या सह्या घेऊन आम्ही अर्ज दिला. पोच मिळाली. यंदा पुन्हा देणार आहोत, शेजारच्या दोन गावांसह. वाचणाऱ्यांपैकी कुणी वीज खात्यात असेल, कुणाच्या ओळखीत असेल, तर एकच विनंती: निदान 15 डिसेंबर ते 31 जानेवारी आमच्या फीडरची रात्रीची पाळी दिवसा घ्या.

सध्या आम्ही लश्करात परत आलोय. इथे मेळा भरलाय, 1905 मध्ये माधवराव महाराजांनी गुरांचा मेळा म्हणून सुरू केलेला तोच. लेकीला घेऊन काल गेले, गजक घेतली, गावी पाठवायला वेगळा डबा बांधून ठेवलाय. तिसरं पाणी चालू आहे. रात्री 1.40 ला घरच्या ग्रुपवर वहिनींचा मेसेज आला, "लाइट आली." मी लिहिलं, "आले की कळवा." मग झोप लागेना.

5.25 ला उत्तर आलं. "आले. पाय शेकतायत. तू झोप."